पप्पांचा भोंगा आणि माझी तपासणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येमध्ये हसलात की माझी लिंक तुटते, आणि लिंक तुटली की मी चिडते. चहा घ्या आधी. हां.

तर माझ्या हातून त्या दिवशी जे काही झालं, ते अंबडच्या निम्म्या कारखान्यांमध्ये अजून सांगितलं जातं. आणि सांगणारा दर वेळी पदरचं थोडं घालतो. परवा एकजण म्हणे, हेलिकॉप्टर आलं होतं. अहो, हेलिकॉप्टर कसलं? अग्निशमनचा बंब आला होता. तोही एकच!

माझं नाव वैशाली गांगुर्डे. राहायला सिडकोत. कामधंदा म्हणाल तर वेब ॲप बनवते. म्हणजे तुम्ही मोबाइलवर एक पेज उघडता, त्यावर बटण दाबता आणि पलीकडे कुठेतरी काहीतरी घडतं, त्यातलं ते 'काहीतरी' आम्ही लिहितो. घडलं तर नाव होत नाही. न घडलं तर शिव्या आमच्याच.

आमचे पप्पा अंबडमधल्या एका कंपनीत गेटवर होते. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. कागदावर त्यांचा हुद्दा काहीही असो, खरं काम एकच. भोंगा! गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर एक लाल बटण होतं आणि ते दाबायचा अधिकार फक्त पप्पांच्या अंगठ्याला. सुट्टी झाली की छोटा भोंगा. पाळी सुटली की लांबलचक. आणि धोका असला की तुटक तुटक.

हा धोक्याचा भोंगा झाला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली जमायचं. 'सगळं ठीक'चा वेगळा भोंगा होईपर्यंत तिथून पाऊल हलवायचं नाही. हा नियम पप्पांनी एकेकाला असा घोटून पाठ करून घेतला होता की माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कडुनिंब विसरणार नाही.

सिडकोत आमच्या गॅलरीपर्यंत तो भोंगा ऐकू येतो. पाळी सुटल्याचा वाजला की मम्मी कुकर लावते. शिट्ट्या होईस्तोवर पप्पा दारात. आमच्या घरात घड्याळ आहे, पण ते भिंतीला शोभा म्हणून.

पप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माझा भोंगा आजवर खोटं बोलला नाही." नातेवाईक आले, की वाक्य. शेजारी भेटले, की वाक्य. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं. पाहुणे चहा पिऊन गेले, परत आले नाहीत. असो.

पप्पांची निवृत्ती जवळ आली तसं कंपनीने ठरवलं, आता बटणावर माणूस नको. दोन्ही शेडमध्ये एकेक इलेक्ट्रॉनिक डबा बसवायचा आणि वेब पेजवरून भोंगा वाजवायचा. मॅनेजर सोनवणे साहेब पप्पांना म्हणाले, पेज बनवायला बाहेरचा माणूस बघतो.

"बाहेरचा कशाला?" पप्पा म्हणाले. "माझी पोरगी काय करते मग?"

घरी आले ते छाती फुगवूनच. "वैशू, शेवटच्या दिवशी पाळी सुटल्याचा भोंगा मी तुझ्या पेजवरून वाजवणार. सगळ्यांसमोर. भोंगा वाजवायचा आणि जय भीम घालून निघायचं. बस्स, मला दुसरं काही नको."

एवढंच मागितलं माणसाने! शाल नको, घड्याळ नको. एक भोंगा!

मी म्हटलं, पप्पा, हे तर डाव्या हाताचं काम. (माझा हा डावा हात एकदा कुठेतरी दाखवायला हवा.)

कामाला बसले आणि पहिला घोळ समोर आला. दोन डबे दोन वयाचे होते, त्यातला एक कंपनीने जुन्या बाजारातून उचललेला. नव्या शेडचा नवा, जुन्या शेडचा जुना. बनवणाऱ्याने मधल्या काळात डब्याशी बोलायची भाषाच बदलून टाकलेली. ह्या भाषेला आम्ही एपीआय म्हणतो. जुन्या व्हर्जनला जे हुकूम कळतात त्यातले काही नव्याला कळत नाहीत, आणि नव्याचे जुन्याला. सासूसुनेसारखं.

"मग कुठलं व्हर्जन आहे ते डब्यालाच विचार ना," तुम्ही म्हणाल. विचारलं! दोघांनीही एकच आकडा सांगितला. जुना डबा कधीतरी दुरुस्तीला गेला होता आणि तिथे कुणीतरी त्याच्या पोटात नव्याचा आकडा भरून ठेवला होता. ह्या असल्या माणसांना शोधून काढायला पाहिजे एकदा.

पण मी घाबरले नाही. उलट खूश झाले. कारण आमच्या ऑफिसात मी ह्याच विषयावर भाषणं ठोकते. समोरच्याला 'तू कितवा?' असं विचारूच नका. 'तुला हे जमतं का?' असं विचारा. जमत असेल तर करून घ्या, नसेल तर दुसरी सोय ठेवा. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कामावर ठेवायचा. मी हे इतक्यांदा सांगितलंय की माझी पाठ फिरली की ऑफिसातले लोक माझ्या आवाजात बोलून दाखवतात.

रात्री जेवताना घरच्यांनाही ऐकवलं. "म्हणजे बघा पप्पा, मुलगा बघायला गेलं की आपण विचारतो, शिक्षण किती? चुकीचा प्रश्न. विचारायला पाहिजे, पोहे करता येतात का?"

"मग विचार की!" मम्मी भाकरी थापता थापता म्हणाली. "तू आधी मुलगा बघायला हो तर म्हण. पोह्यांचं मी विचारते."

विषय तिथेच संपवला मी.

आता नीट ऐका, कारण माती खाल्ली ती इथे. ह्या डब्याला 'तुला लांब भोंगा येतो का?' असं नुसतं विचारायची सोयच नव्हती. त्याला फक्त हुकूम कळायचे. मग मी काय करावं? हुकूम सोडूनच बघायचा! 'जमलं' असं उत्तर आलं तर सोय आहे. 'कळलं नाही' असं आलं तर सोय नाही. जी सोय आहे तिचंच बटण पेजवर दाखवायचं. आणि कुणी डबा बदलला तरी पंचाईत नको म्हणून ही तपासणी दर वेळी, पेज उघडताक्षणी, ताजी ताजी करायची.

काय डोकं! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

डबा घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी. पेज उघडलं. माझ्या तपासणीने विचारलं, छोटा भोंगा? डबा म्हणाला, जमलं. लांब भोंगा? जमलं. धोक्याचा? जमलं. ('सगळं ठीक'चा हुकूम दोन्ही भाषांत एकच होता, तो विचारायची गरज नव्हती.) आवाज नाही, काही नाही. एवढासा हिरवा दिवा लुकलुकला. दुसरा डबा आणला, त्याला त्याच्या भाषेत विचारलं. तोही गुणी बाळ. मी पेज किती वेळा उघडलं असेल! घरात चिडीचूप.

चिडीचूप का होतं? कारण भोंगा कारखान्याच्या छपरावर होता आणि डबा आमच्या टेबलावर. त्याला कर्णाच जोडलेला नव्हता! पण हा विचार माझ्या डोक्यात आला का? डोक्यात अभिमान बसला होता ना. जागाच नव्हती.

उजाडला पप्पांचा शेवटचा दिवस. पप्पांनी कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातला. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. आदल्या संध्याकाळी कंपनीचे वायरमन सलीमभाई ह्यांनी दोन्ही डबे जोडून, भिंतीवरचं लाल बटण काढून ठेवलं होतं. बटणाच्या जागी नुसत्या वायरी, टोकांना टेप. पप्पांनी तिकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ होता. सोनवणे साहेब केबिनमध्ये आले. "करायचं का उद्घाटन, गांगुर्डे?"

"करा साहेब," पप्पा म्हणाले. "पहिला मान तुमचा."

साहेबांनी कंप्युटरवर पेज उघडलं. उघडलं फक्त! बटणाला हातही लावला नव्हता.

भों! छोटा. जेवायला चला.

भोंऽऽऽऽऽऽ! लांब. घरी चला.

भों-भों-भों-भों! पळा!

एका दमात तिन्ही. माझी तपासणी चोख काम करत होती हो! तीन सोयी विचारल्या, तिन्ही उपलब्ध निघाल्या. पेजवर हिरवीगार बटणं उमटली. आणि बाहेर, प्रेस मशिनींचा जो सतत धाड-धाड आवाज चालू होता, तो एकदम बंद.

मी अशी शांतता त्या कंपनीत कधी ऐकली नव्हती. शेडच्या दारात माणसं येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात जेवणाचा डबा, कुणाच्या हातात घरी जायची पिशवी, आणि कुणी थेट कडुनिंबाच्या वाटेवर. सगळ्यात पुढे काशिनाथ, सुरगाण्याकडचा, प्रेसवर असतो.

"मामा, ह्यातला कंचा धरायचा?" काशिनाथने पप्पांना विचारलं. "सुट्टी हाय, का घरी जायाचं, का पळायाचं? जेवून पळायाचं का पळून जेवायाचं, येवढं तरी सांगा!"

पप्पांचा चेहरा पडला. "वैशू, काय झालं गं?"

"काही नाही पप्पा," मी म्हटलं. "पहिल्यांदा चालू होताना होतं असं." होतं असं! कशाचं काय माहीत नसताना आम्ही लोक नेहमी हेच म्हणतो.

"बघू, पेजवर काय दाखवतंय," म्हणत साहेबांनी पेज पुन्हा उघडलं.

भों! भोंऽऽऽऽऽऽ! भों-भों-भों-भों!

आता मात्र नियमाप्रमाणे सगळे कडुनिंबाकडे निघाले. साहेबांनी घाईघाईने पासवर्ड टाकून 'सगळं ठीक'चं बटण दाबलं. भोंगा झाला. लोक शेडकडे वळले. चार पावलं गेले असतील नसतील, पुन्हा तुटक भोंगा. लोक कडुनिंबाकडे. साहेबांचं बटण, लोक शेडकडे. भोंगा, लोक कडुनिंबाकडे. लग्नात बँडच्या तालावर मागेपुढे करतात ना वऱ्हाडी? तस्सं!

"साहेब, तुम्ही पेज उघडू नका ना!" मी ओरडले.

"मी कुठे उघडतोय? माझे हात बघ!" साहेबांनी दोन्ही हात वर केले.

मग कोण उघडतंय? मी खिडकीतून बाहेर बघितलं. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाइल!

"पप्पा," मी हळूच विचारलं, "ह्यांच्याकडे पेजची लिंक कशी गेली?"

"मीच टाकली ना मघाशी, साहेब आले तेव्हा. कंपनीच्या ग्रुपवर," पप्पा म्हणाले. अजूनही त्या आवाजात कौतुक होतं! मोबाइल काढून दाखवला. 'माझ्या मुलीने बनवलेले पेज. सर्वांनी उघडून पाहावे व आशीर्वाद द्यावेत.' खाली निळी लिंक.

लोक आशीर्वाद देत होते हो! एकेक माणूस बिचारा विचार करत होता, भोंगा का वाजतोय, बघू तरी पेजवर काय लिहिलंय, आणि उघडत होता. उघडलं की भोंगा. भोंगा झाला की शेजारचा विचार करत होता, बघू तरी. आता तुम्ही विचाराल, पासवर्ड ठेवला नव्हतास का? ठेवला होता! बटण दाबायला ठेवला होता. पेज बघायला कशाला पासवर्ड? आणि माझी लाडकी तपासणी तर बघतानाच व्हायची.

मी धावत बाहेर गेले. "मोबाइल खिशात घाला! सगळ्यांनी! कुणीही पेज उघडू नका!"

भली माणसं. एकजात सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले. शांतता. मी सुस्कारा सोडला.

भों! भोंऽऽऽऽऽऽ! भों-भों-भों-भों!

"ताई, माझा खिशात हाय!" काशिनाथ दोन्ही हात वर करून ओरडला.

तेवढ्यात माझा मोबाइल टुणकन वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर मालेगावच्या आत्याचा मेसेज. 'उघडं. मस्त शे पोरी!' म्हणजे, उघडलं, मस्त आहे पोरी.

पप्पांनी लिंक घरच्या ग्रुपवरही टाकली होती. म्हणजे आत्या मालेगावात, झोपाळ्यावर बसून, बोटाने अंबडचा कारखाना रिकामा करत होती!

मी घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, 'कृपा करून कुणीही ते पेज उघडू नका.' लगेच काकाचा प्रश्न, 'कुठलं पेज?' आणि मग... तुम्हाला काय सांगायला पाहिजे? काकाने वर जाऊन शोधलं, कुठलं पेज ते.

भों!

मी केबिनमध्ये पळाले, लॅपटॉप उघडला आणि पेजच बंद करायचा हुकूम दिला. बंद झालं का? खात्री नको का करायला? खात्री करायला मी काय केलं असेल? बरोबर. उघडलं. ते अजून बंद झालेलं नव्हतं.

ह्या वेळी तर पप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सलीमभाई!" मी खिडकीतून किंचाळले. "भोंग्याचे फ्यूज काढा! दोन्ही शेडचे!"

सलीमभाई पॅनेलपाशी उभेच होते. "कबसे पूछ रहा हूँ बेटा, निकालूँ क्या, निकालूँ क्या? कोई सुनता ही नहीं!" त्यांनी खटाखट फ्यूज उपटले आणि शर्टाच्या खिशात टाकले. भोंगा मध्येच घशात अडकल्यासारखा होऊन थांबला.

सुटलो, मी म्हटलं. साहेबांनीही घाम पुसला. "चला रे, आत चला! काम सुरू करा!"

कुणी हलेना.

"साहेब," पप्पा पुढे आले. आवाज शांत, पण पाठ ताठ. "शेवटचा भोंगा धोक्याचा होता. 'सगळं ठीक' झाल्याशिवाय आत जाता येत नाही."

"अहो गांगुर्डे, पण धोका नव्हताच ना!"

"ते मला माहिती आहे, तुम्हाला माहिती आहे. पण आज असं आत सोडलं, तर उद्या खरंच आग लागेल तेव्हा ही माणसं म्हणतील, त्या दिवशीही वाजला होता. भोंगा वाजू द्या. मग सोडतो."

"मग वाजवा!"

"कशाने वाजवू?" पप्पांनी भिंतीवरच्या टेप लावलेल्या वायरींकडे हात केला.

घ्या! लाल बटण काढलेलं. पेज बंद केलेलं. पेज चालू करावं तर ते आधी धोक्याचाच भोंगा वाजवणार, आणि आता तर फ्यूजही काढलेले. अख्खी कंपनी कडुनिंबाखाली आणि मॅनेजर गेटच्या आत जाऊ शकत नाही, कारण आमचे पप्पा गेटमध्ये आडवे उभे. मी मनात म्हटलं, धरणीमाते, फाट. पण तिथे सगळं सिमेंट होतं.

तेवढ्यात टणटण करत बंब आला! शेजारच्या कंपनीतल्या कुणीतरी इतके भोंगे ऐकून फोन केला होता. हेल्मेटवाले साहेब उडी मारून उतरले. "आग कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आग नाही," मी म्हटलं. "तपासणी होती."

"तपासणी? कुणी ठरवली? आम्हाला कळवलं नाही!"

"मलाही माहीत नव्हतं," मी खरं ते सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही शेड फिरून आले. मग कपाळाला हात लावून पप्पांना म्हणाले, "काका, आत सगळं ठीक आहे. आता सोडा ह्यांना."

"तुमचं म्हणणं मान्य आहे साहेब. पण भोंगा..."

"आमच्या गाडीचा भोंगा चालेल का?"

पप्पांनी क्षणभर विचार केला. "सरकारी आहे. चालेल."

आणि मग पप्पांनी बंबाच्या ड्रायव्हरला 'सगळं ठीक'चा भोंगा कसा असतो ते हाताने ताल धरून शिकवलं, त्याने तस्सा वाजवला, आणि माणसं आत गेली. हे हेलिकॉप्टरचं जे म्हणतात ना, ते एवढंच.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी ज्याने त्याने आपापल्या पोटाला विचारून घेतली. मी मात्र केबिनच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर मान मोडून बसले. ती तपासणी मुळासकट उपटून टाकली. कुठल्या शेडमध्ये कुठला डबा आहे ते सरळ लिहूनच टाकलं. जिला नावं ठेवत आले तीच गावठी पद्धत! ऑफिसातल्यांना सांगू नका.

मग श्वास रोखून पेज उघडलं.

शांतता!

परत उघडलं. शांतता! मोबाइलवर, लॅपटॉपवर, साहेबांच्या कंप्युटरवर, सगळीकडे उघडून बघितलं. कुठेही भोंगा नाही. मग धीर करून डब्यांना नुसता दिवा लावायचा बिनआवाजी हुकूम सोडला. दोन्ही डब्यांचं उत्तर, जमलं!

मला रडू यायचं बाकी होतं. जिंकले! पप्पांचा भोंगा वाचला!

संध्याकाळी कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या. पाळी सुटायला थोडा वेळ होता. साहेब चार शब्द बोलले, शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं. काशिनाथने सगळ्यांतर्फे एक भेट दिली. उघडून बघतो तर काय, ते लाल बटण! घासूनपुसून लाकडी पाटीवर बसवलेलं. पप्पांनी ते छातीशी धरलं.

"आता शेवटचा भोंगा," साहेब म्हणाले. "गांगुर्डेंच्या हाताने, त्यांच्या मुलीच्या पेजवरून." आणि माझ्याकडे वळून हळूच, "वाजेल ना?"

"शंभर टक्के तपासलंय साहेब," मी म्हटलं. अजून ऐकू येतं मला ते वाक्य. झोपेतसुद्धा.

पप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मोबाइलवर पेज उघडलं. शांतता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! पेज उघडून काही झालं नाही म्हणून टाळ्या मिळालेली मी जगातली पहिलीच. पप्पांनी घड्याळाकडे बघत, नेमका ठोका पडला तसा, 'पाळी सुटली'वर अंगठा टेकवला.

पेजवर हिरवी अक्षरं आली. जमलं!

छपरावर काही नाही.

पप्पांनी पुन्हा दाबलं. जमलं! तिसऱ्यांदा. जमलं! डबा मोठ्या उत्साहाने सांगत होता, वाजवला, वाजवला. आणि भोंगा ढिम्म. सगळी माणसं छपराकडे माना वर करून उभी. माझे कान तापले. हे कुठेतरी बघितलंय मी. असंच 'जमलं', असाच हिरवा दिवा, अशीच शांतता. कुठे बरं?

लोणच्याच्या बरणीशेजारी!

मी सावकाश मान वळवली. सलीमभाईंनीही त्याच वेळी सावकाश शर्टाच्या खिशाला हात लावला. खिशात काहीतरी खुळखुळलं.

"या अल्ला," सलीमभाई म्हणाले.

म्हणजे दुपारी ती जी शांतता मी वीस ठिकाणी उघडून तपासली आणि जिच्यावर खूश होऊन मला रडू येत होतं, ती माझ्या दुरुस्तीची नव्हतीच. ती सलीमभाईंच्या खिशाची होती!

सलीमभाई पॅनेलकडे पळायला लागले. पण वेळ निघून चालली होती. पप्पांचा भोंगा आयुष्यात पहिल्यांदा उशिरा होत होता, तोही शेवटचा, तोही माझ्यामुळे. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि पप्पांनी काय करावं? मोबाइल माझ्या हातात दिला. खुर्चीवर चढले. शाल सावरली, दोन्ही तळवे तोंडापाशी धरले आणि सगळा श्वास लावून,

"भोंऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!"

तोंडाने! लहानपणी मी जेवत नसले की मला हसवायला काढायचे, तोच आवाज. तीच लांबी, तोच शेवटचा उतार.

एक सेकंद कुणाला कळेना. मग काशिनाथ मोठ्याने म्हणाला, "सुटली रे पाळी! मामाचा भोंगा हाय, खोटा नाय!" आणि अशा टाळ्या पडल्या, अशा शिट्ट्या झाल्या, की शेजारच्या कंपनीचे लोक गेटवर आले. बंबाला मात्र ह्या वेळी कुणी फोन केला नाही.

पप्पा खुर्चीवरून उतरले, सगळ्यांना जय भीम केला आणि निघाले. ठरवलं होतं तसंच.

घरी येताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. मी समोर बघतच म्हटलं, "पप्पा, सॉरी. एवढंच मागितलं होतं तुम्ही." मला रडू आलं होतं, पण हेल्मेटमुळे दिसत नव्हतं.

"अगं वेडे," पप्पा म्हणाले, "इतकी वर्षं भोंगा वाजवला. कधी कुणी टाळी दिली का? आज मिळाली."

घरी आलो तर मम्मी दारात, कमरेवर हात ठेवून. "आलात होय? मला वाटलं, पाळी सुटलीच नाही अजून! सकाळी नुसता भोंग्यावर भोंगा, मी तीनदा कुकर चढवला आणि तीनदा उतरवला. आणि आता संध्याकाळी भोंगाच नाही! स्वयंपाक केलेला नाहीये. सांगून ठेवते!"

पप्पांच्या सेंड-ऑफच्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरून मिसळ आणून खाल्ली. जेवताना मम्मी म्हणाली, नाहीतरी एका मुलाचं स्थळ आलंय, पोहे करता येतात असं म्हणतो. "पण 'येतात' म्हणाला म्हणून गप्प बसू नकोस. तुझा डबाही तेच म्हणत होता."

दुसऱ्या दिवशी फ्यूज बसले आणि भोंगा पेजवरून वाजायला लागला. आजही वाजतो. पण त्या पेजमध्ये मी काहीही बदल केला की साहेबांना फोन करायच्या आधी गॅलरीकडे बघते. तिथे पप्पा खुर्ची टाकून बसलेले असतात. भिंतीवर लाल बटणाची पाटी, मनगटावर घड्याळ. पेज म्हणतं, जमलं. डबा म्हणतो, जमलं. पप्पा कान देतात आणि म्हणतात, "वाजला." मग मी साहेबांना कळवते, झालं म्हणून.

ऑफिसात माझी भाषणं चालूच आहेत. परवा एकीने विचारलं, "वैशाली, सोय आहे हे कळलं, पण प्रत्यक्षात ती चालली की नाही हे तपासायला तू कुठलं टूल वापरतेस?"

मी म्हटलं, "घरचंच आहे. जुनं व्हर्जन आहे, पण खोटं बोलत नाही."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गॅलरीतून फोन.

"वैशू," पप्पा म्हणाले, "तुझा भोंगा आज अर्धा मिनिट उशिरा झाला. माझा कधी झाला नव्हता गं. आणि मम्मी विचारतेय, कुकर लावू की थांबू?"